हिवाळ्याचे ताट आणि मावळतीची वेळ

कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मासाची सांगता होते, साधु-साध्वींचे विहार सुरू होतात आणि खान्देशात थंडीची चाहूल लागते. वाघूर नदीच्या काठी पेठ आणि कसबे अशा दोन भागांत वसलेल्या पहुरात या दिवसांत पहाटे शेकोट्या पेटतात. कापसाच्या गाड्या जिनिंगच्या वाटेला लागतात आणि किराणा दुकानांत डिंक, खारीक, मेथ्या, सुंठ व तीळ यांची मागणी वाढते. मे महिन्यात ज्या तापी खोऱ्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो, तेथेच पौषात तो दहा अंशांखाली उतरतो. समुद्र दूर, हवा कोरडी, आकाश निरभ्र. दिवसा तापलेली जमीन रात्री आपली उष्णता मोकळ्या आकाशाला देऊन टाकते, त्यात उत्तरेचे गार वारे येऊन मिळतात. गहू-हरभऱ्याला ही थंडी मानवते. केळीला मात्र ती सोसत नाही. घडांची वाढ मंदावते, पाने करपतात, आणि बागायतदार रात्री बागेत पाणी सोडून व कडेने धूर करून बाग राखतात.

याच दिवसांत खान्देशात भरिताचा हंगाम येतो. यावल तालुक्यातील बामणोदच्या वांग्यांची ख्याती जुनीच आहे. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. शेतात काटक्यांच्या जाळावर वांगी भाजायची, साल काढून ती लाकडी भांड्यात हिरवी मिरची-लसणाबरोबर ठेचायची, कांद्याची पात घालायची आणि कळण्याच्या भाकरीबरोबर वा पुरीबरोबर खायची, असा हा थाट. गावातील जैन व्यापाऱ्याला शेतकरी खातेदाराचे आमंत्रण येते, ते प्रेमाचे असते, आणि ताटातील जवळजवळ प्रत्येक जिन्नस त्याच्या नियमात बसत नाही. वांगे बावीस अभक्ष्यांत नावानिशी आलेले आहे, कांदा-लसूण अनंतकाय. शिवाय भरिताची पंगत बहुधा रात्रीची.

तथापि कोणी कोणावर रुसल्याचे दिसत नाही. यजमान दुपारीच बोलावतो आणि पाहुण्यासाठी कच्ची केळी जाळावर भाजून ठेवतो. जळगावची केळी भाजून, सोलून, मिरची-कोथिंबीर आणि शेंगदाण्याच्या कुटाबरोबर ठेचली की तिचे भरीत उत्तम होते. धुराचा वास तोच, भाकरी तीच. दादर ज्वारीची भाकरी, उडदाची डाळ, वरण-बट्टी आणि गंगाफळाची भाजी ही खान्देशी थंडीची बाकीची शिदोरी तर जैन स्वयंपाकघरात काहीही न बदलता येते. मारवाडातून आलेल्या घरांनी बाजरीचा खिचडा आणि मेथीचे लाडू सोबत आणले होते. दोन्ही प्रदेशांची थंडी कोरडी, त्यामुळे दोन्हीकडचे पदार्थ एका चुलीवर सहज नांदले.

आपल्या आहारशास्त्रात ऋतूचा विचार किती बारकाईने केला आहे, हे हिवाळ्यात विशेष जाणवते. श्वेतांबर मूर्तिपूजक परंपरेत फाल्गुन चौमासीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंतचे आठ महिने पालेभाजी, तीळ, खजूर, खारीक यांचा त्याग सांगितला आहे. उष्मा आणि दमटपणा यांत या वस्तूंत जीवोत्पत्ती अधिक होते, हे त्यामागील कारण. म्हणजे मेथीची भाजी, तिळगूळ आणि खारीक घातलेला डिंकाचा लाडू हे या घरांत खऱ्या अर्थाने चार महिन्यांचे पाहुणे. मिठाईची मर्यादाही अशीच ऋतूनुसार आहे. पावसाळ्यात १५ दिवस, उन्हाळ्यात २०, हिवाळ्यात ३०. दिगंबर परंपरेत दळलेल्या पिठाला पावसाळ्यात ३, उन्हाळ्यात ५ आणि हिवाळ्यात ७ दिवसांची मर्यादा मानतात. माल किती दिवस टिकतो याचा हिशेब ठेवणे व्यापाऱ्याला शिकवावे लागत नाही. येथे तोच हिशेब अहिंसेच्या बाजूने मांडलेला आहे. सांप्रदायिक भेदानुसार तपशील वेगळे असतात. स्थानकवासी घरांतील पद्धती याहून निराळ्या आढळतील, आणि शंका आली तर विहारात आलेल्या साधु-साध्वींना विचारून घेणे हेच उचित.

हिवाळ्यात तिळाकडे वळण्याची बुद्धी केवळ आपल्याकडेच झाली असे नाही. चीनमध्ये वर्षातील सर्वांत लहान दिवसाच्या सुमारास दोंगझी नावाचा सण असतो. दक्षिण चीनमधील घरांत त्या दिवशी तांदळाच्या पिठीचे उकडलेले गोळे करतात आणि त्यांत पुष्कळदा काळ्या तिळाचे गोड सारण भरतात. आपल्या उकडीच्या मोदकाचे हे दूरचे भावंडच म्हणावे. त्यांच्या बाराव्या चांद्रमासाच्या अष्टमीला बौद्ध मठांतून धान्ये, कडधान्ये आणि सुका मेवा यांची खीर वाटली जाते. बुद्धाच्या ज्ञानप्राप्तीची ती आठवण. जपानात त्याच लहान दिवशी लाल भोपळा खाण्याचा प्रघात आहे. इराणमधील कुटुंबे वर्षातील सर्वांत मोठी रात्र डाळिंब, कलिंगड आणि सुका मेवा खात जागवतात. इटलीत वर्षअखेरच्या रात्री मसूर खातात, कारण मसुराचे दाणे नाण्यांसारखे दिसतात आणि येणाऱ्या वर्षी गल्ला भरलेला राहावा ही इच्छा असते. त्याबरोबर मांस वाढले जाते ही गोष्ट सोडली, तर पेढीवर बसणाऱ्या माणसाला या प्रथेचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. अमेरिकेच्या दक्षिण भागात १ जानेवारीला चवळी खातात, तीही याच आशेने.

मेजवानीपूर्वी त्याग, ही कल्पनादेखील दूरच्या देशांत सापडते. इथिओपियातील ख्रिस्ती लोक आपला नाताळ ७ जानेवारीला करतात आणि त्यापूर्वी ४३ दिवस मांस, अंडी, दूध यांपैकी काहीही घेत नाहीत. पोलंडमध्ये २४ डिसेंबरच्या सायंकाळचे भोजन मांसाविना असते. मासळी मात्र चालते. या पोलिश भोजनाचा एक नियम जैन वाचकाला थबकवील. आकाशात पहिली तारका दिसेपर्यंत घरातील कोणीही ताटावर बसत नाही. मुले खिडकीपाशी उभी राहून ती तारका शोधतात. आपल्याकडेही त्याच वेळी कोणीतरी आकाशाकडे पाहत असते, पण सूर्य बुडण्यापूर्वी ताट उरकले की नाही, हे पाहण्यासाठी.

खान्देशातील व्यापारी घरांची मुले आता पुणे-मुंबईवर थांबलेली नाहीत. कोणी लंडनला, कोणी टोरांटोला, कोणी मेलबर्नला आहे. सुनेच्या वा लेकीच्या बाळंतपणासाठी आईवडील तेथे जातात, आणि पुष्कळदा ते दिवस हिवाळ्याचे असतात. आयुष्यभर चौविहार पाळलेल्या बाईची खरी परीक्षा तेथे थंडी घेत नाही. थंडीसाठी घरात उष्णतेची सोय असते, अंगावर लोकर असते. परीक्षा घेते ते घड्याळ.

पहुरात २१ डिसेंबरच्या सुमारास सूर्य सकाळी ७ वाजता उगवतो आणि सायंकाळी ५ वाजून ५० मिनिटांच्या आसपास मावळतो. दिवस पावणेअकरा तासांहून थोडा मोठा. सूर्योदयानंतर ४८ मिनिटांनी नवकारशी पारली, तरी भोजनासाठी दहा तास हाती राहतात. लंडनला त्याच दिवशी सूर्य ८ वाजून ४ मिनिटांनी उगवतो आणि ३ वाजून ५३ मिनिटांनी मावळतो. नवकारशी ८ वाजून ५२ मिनिटांनी येते. उरले सात तास. त्यातही ऊन दिसेलच असे नाही, आभाळ बहुधा भरलेले असते. नोकरी करणारा मुलगा पाच-साडेपाचला कचेरीतून निघतो, तेव्हा रात्र पडून दीड तास झालेला असतो. नातवंडे शाळेतून सव्वातीनच्या सुमारास सुटतात. म्हणजे आजीने मनात आणले तरी घरातील तीन पिढ्या एका ताटावर बसण्याची वेळ सोमवार ते शुक्रवार येतच नाही.

या अडचणीतून घरोघरी वाद होतात आणि ते गोड नसतात. "देश तसा वेष" म्हणून मुलगा मोकळा होतो. आई काही बोलत नाही, साडेतीनला एकटीच जेवून घेते आणि पाणीही बंद करते. सुनेला वाटते, आपला स्वयंपाक सासूबाईंना चालत नाही. तीन आठवड्यांत घरात अबोला येतो, आणि ज्या नियमाने कोणत्याही जीवाला क्लेश होऊ नये म्हणून सांगितले, त्याच्याच पायी घरातील माणसे क्लेश पावतात.

येथे दोन्ही बाजूंना थोडा हिशेब करता येतो. मुलाने दुपारच्या डब्याबरोबर दुसरा लहान डबा नेला आणि साडेतीनला दहा मिनिटे उठून तो खाल्ला, तर कोणतीही कचेरी हरकत घेत नाही; चहा-कॉफीसाठी सारेच उठतात. ज्यांना रोज जमत नाही, त्यांनी तिथी धराव्यात. अष्टमी-चतुर्दशीपासून आरंभ करणारी माणसे पुढे पुष्कळ लांब जातात. शनिवार-रविवारी मात्र सबब नाही, त्या दोन दिवशी तीन वाजता घरातील सर्वांनी एकत्र बसावे. आईनेही एक गोष्ट ध्यानी घ्यावी. नियम आपल्यासाठी घेतलेला असतो, तो दुसऱ्याच्या ताटावर नजर ठेवण्यासाठी नव्हे. सायंकाळी सातला मुले जेवत असताना प्रतिक्रमण उरकून त्यांच्याजवळ नुसते बसायला शास्त्राची मनाई नाही.

लेस्टरचा हिवाळी दिवस लंडनहूनही दहा-बारा मिनिटांनी लहान. तेथे ऑक्सफर्ड स्ट्रीटवर पूर्वीच्या एका चर्चच्या इमारतीत जैन सेंटर उभे आहे. १९८८ साली तेथे प्रतिष्ठा झाली. युगांडातून १९७२ साली हाकलली गेलेली अनेक गुजराती कुटुंबे लेस्टरमध्येच स्थिरावली. पूर्व आफ्रिकेत विषुववृत्ताशेजारी दिवस-रात्र बाराही महिने जवळपास सारखे असतात. नैरोबीत वर्षभर साडेसहाच्या मागेपुढेच सूर्य मावळतो. अशा प्रदेशातून आलेल्या माणसांना इंग्लंडचा पहिला डिसेंबर कसा वाटला असेल, याची कल्पना करावी. बेल्जियममधील अँटवर्प येथे हिऱ्यांच्या व्यापारात पालनपुरी जैनांनी मोठे नाव मिळवले आणि विलरिक उपनगरात संगमरवरी देरासर बांधले. तेथे डिसेंबरात सूर्य पावणेनऊला उगवतो आणि साडेचारनंतर लगेच जातो. जपानच्या कोबे शहरातही जैन मंदिर आहे, तेथील सूर्यास्त पाचच्या आधी. नॉर्वेतील ट्रॉम्सो येथे नोव्हेंबरअखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य क्षितिजावर येतच नाही. तेथे नवकारशी केव्हा आणि चौविहार केव्हा, हा प्रश्न ज्ञानी गुरूंपुढेच ठेवावा लागेल.

आता तेथील सणाच्या ताटाकडे वळू. इंग्लंडमध्ये २५ आणि २६ डिसेंबर हे सुट्टीचे दिवस. शेजारी वा कचेरीतील सहकारी प्रेमाने घरी बोलावतो आणि "तुमच्यासाठी शाकाहारी केले आहे" असे सांगतो. त्याच्या हेतूबद्दल शंका नको, व्याख्येबद्दल मात्र सावध असावे. आपल्याकडे पाकिटावरील हिरव्या ठिपक्याचा अर्थ अंडेविरहित असा होतो. तिकडे शाकाहारी म्हटलेल्या पदार्थात अंडे चालते. व्हीगन लिहिलेल्या पदार्थात अंडे, दूध, मध नसतो, पण कांदा, बटाटा आणि अळिंबी असू शकतात. नाताळच्या पारंपरिक पुडिंगमध्ये जनावराची चरबी आणि मद्य घालतात. चरबीविरहित पुडिंग बाजारात मिळते, तरी त्यातील मद्य राहतेच. मार्शमॅलो आणि चघळण्याच्या गोळ्यांत जिलेटिन, अनेक चीजमध्ये वासराच्या जठरातील रेनेट, केकमध्ये अंडे. भाजलेले बटाटे, गाजर, पार्सनिप हे तर कंदच. मग ताटात उरते काय? कोबीच्या चिमुकल्या गड्ड्यांची भाजी, वाटाणे, भाजलेले चेस्टनट, क्रॅनबेरीचा मुरंबा, फळे. तसे पाहता हे थोडे नाही. सुज्ञ गृहिणी आपल्याकडून एक मोठे पातेले घेऊन जाते. बाजरीचा खिचडा वा मूगडाळीचा शिरा त्या थंडीत कोणालाही आवडतो, आणि मग विचारणा उलट दिशेने होऊ लागते. आमंत्रण दुपारचे घ्यावे. तिकडे नाताळचे मुख्य भोजन पुष्कळ घरांत दुपारीच असते, ही त्यांतल्या त्यात मोठी सोय.

नाताळच्या आसपास आपलेही एक मोठे पर्व येते, हे अनेकांच्या ध्यानात राहत नाही. पौष दशमी म्हणजे भगवान पार्श्वनाथांचे जन्मकल्याणक. मराठी पंचांगानुसार ती मार्गशीर्ष वद्य दशमी होय. २०२४ साली ती नेमकी २५ डिसेंबरला आली होती. शंखेश्वर तीर्थात या वेळी हजारो भाविक अट्ठम करतात. ज्यांच्याने तीन उपवास होत नाहीत, त्यांच्यासाठी तीन एकासणांची रीत आहे. नवमीला साखरेच्या पाण्याचे, दशमीला खिरीचे आणि एकादशीला नेहमीच्या भोजनाचे. परदेशातील कुटुंबाला एरवी तीन दिवस सलग सुट्टी मिळत नाही. डिसेंबरअखेर ती मिळते, मुले घरी असतात, आणि खिरीचे एकासण म्हटले की नातवंडांनाही ते व्रत कठीण वाटत नाही.

दक्षिण गोलार्धात सारेच उलटे. मेलबर्नला डिसेंबरात भर उन्हाळा असतो, सूर्य रात्री पावणेनऊच्या सुमारास मावळतो आणि नाताळची मेजवानी समुद्रकिनारी होते. चौविहार तेथे सोपा. नवकारशीला पहाटे उठणारा मात्र पावणेसातलाच मोकळा होतो. अडचण मिठाईच्या मर्यादेची. आपल्या पंचांगात तेव्हा हिवाळा, म्हणून ३० दिवस; बाहेर पारा एखाद्या दिवशी ४० अंशांवर. जीवोत्पत्ती ही पंचांग पाहून होत नाही, ऊब आणि दमटपणा पाहून होते. म्हणून तेथील घरांनी स्थानिक उन्हाळ्याची २० दिवसांची मर्यादाच धरावी, हे अधिक सुरक्षित. लंडनच्या घरातही चोवीस तास उष्णता खेळवलेली असते. लाडवाचा डबा त्या उबदार स्वयंपाकघरात ठेवून हिवाळ्याची सवलत घेणे हे थोडे सोयीचे गणित झाले. डबा गार खोलीत ठेवावा.

बर्फाविषयीही एक गोष्ट. टोरांटोची नातवंडे पहिला बर्फ पडला की अंगणात धावतात आणि तळहातावरचा बर्फ तोंडात टाकतात. क्यूबेकमध्ये तर हिवाळा सरताना मेपलचा उकळता पाक स्वच्छ बर्फावर ओतून काडीला गुंडाळून खाण्याची प्रथा आहे. बावीस अभक्ष्यांच्या यादीत हिम आणि गारा यांचा समावेश आहे. कणाकणांत असंख्य अप्काय जीव आहेत, ही त्यामागची दृष्टी. ज्या आचार्यांनी ती यादी सांगितली, त्यांच्या विहारक्षेत्रात बर्फ पडत नव्हता, गारा पडत. तरी त्यांनी हिमाची नोंद केली. मुलांनी बर्फात खेळावे की नाही हा वाद घालण्यापेक्षा, तोंडात घालू नये एवढे सांगितले तर ती ऐकतात.

जाणाऱ्यांसाठी आणखी दोन व्यावहारिक सूचना. भारतातून ब्रिटनमध्ये प्रवाशाला दूध व दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, त्यामुळे पेढे, बर्फी, खव्याची मिठाई पिशवीत भरू नये. ऑस्ट्रेलियात उतरताना जवळील प्रत्येक खाद्यपदार्थ प्रवेशपत्रावर जाहीर करावा लागतो. लपवल्यास मोठा दंड होतो, जाहीर करून नाकारला गेला तर फार तर तो पदार्थ टाकावा लागतो. डिंक, खारीक आणि मेथ्या आता तिकडच्या भारतीय दुकानांत मिळतात. लाडू तेथेच वळावेत, म्हणजे मर्यादेचे दिवसही तेथूनच मोजता येतात आणि सून शेजारी उभी राहून शिकते.

सूर्यास्ताची वही ठेवणाऱ्यांनी एक बाब तपासून पाहावी. सर्वांत लहान दिवस २१-२२ डिसेंबरचा असला, तरी सर्वांत लवकर होणारा सूर्यास्त त्या दिवशीचा नसतो. पहुरात तो नोव्हेंबरच्या अखेरच्या आठवड्यात येतो, पावणेसहाच्या सुमारास. नाताळापर्यंत मावळती पाच-सात मिनिटांनी पुढे सरकलेली असते आणि मकर संक्रांतीला ती सहा वाजून पाच मिनिटांवर जाते. लंडनला सर्वांत लवकर सूर्यास्त १२ डिसेंबरच्या आसपास होतो. संक्रांतीपर्यंत तेथेही सव्वाचार वाजतात. तिळगूळ खाऊन पाणी प्यायला साडेतीनऐवजी चारपर्यंत वेळ मिळतो, आणि शाळेतून आलेला नातू तोवर हातपाय धुऊन आजीच्या शेजारी बसलेला असतो.